होडी ठोकणाऱ्याची पहिली फेरी

मला भीती वाटते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवणार नाही. पालीची वाटते, विजेची वाटते, आणि सगळ्यांत जास्त पाण्याची. माहेर देवासचं. आमच्या देवासची माणसं टेकडी चढतात, देवीला नारळ वाहतात आणि उतरून घरी जातात. क्षिप्रा आहे ती गावाबाहेर, पर्वणीला पाय बुडवण्यापुरती. सासर मिळालं धारचं, तिथे तलावच तलाव, पण मी त्यांच्या काठानेसुद्धा चालले नाही. आणि नोकरी केली पीथमपुरात, कॉम्प्युटरच्या अशा कोपऱ्यात, जिथे भित्र्या माणसाने जाऊ नये असं सगळ्यांचं मत होतं.

आमची कंपनी लहानशी. कारखान्यांत, खाणींत, जिथे माणसं लांब लांब उभी राहून काम करतात तिथे लागणाऱ्या बोलक्या पेट्या आम्ही बनवायचो. पेटीत एक छोटा कॉम्प्युटर, एक रेडिओ आणि एक भोंगा. मालक आणि मुख्य इंजिनिअर एकच, इंदूरचे सप्रे सर. मी काम करायची ते कर्नेलमध्ये, म्हणजे पेटीतला कॉम्प्युटर चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात. वरच्या एखाद्या प्रोग्राममध्ये चूक झाली तर तो एकटा बंद पडतो, बाकीचं चालू राहतं. गाभ्यात चूक झाली की पेटी जागच्या जागी गप्प. दिवा लागलेला, भोंगा मुका. सरांनी मला घेतलं तेव्हा कारण साफ सांगितलं होतं. "दिघेबाई, बेधडक पोरं माझ्याकडे खूप झाली. ती बेधडक बदल करतात आणि मग ग्राहक मला बेधडक शिव्या देतात. मला एक घाबरट माणूस पाहिजे."

घरी ह्यांची नेहमीची टवाळी असे, की भित्यापाठी ब्रह्मराक्षस. माझं उत्तर ठरलेलं होतं. तुमच्या दुकानात नसेल, पण कर्नेलमध्ये तो खरोखर असतो.

गेंदालाल केवट पहिल्यांदा कंपनीत आले तेव्हा आमची पेटी गमछ्यात बांधून पाठीवर घेऊन आले होते. धरमपुरीच्या घाटावर त्यांच्या घरच्या तीन होड्या चालतात. माणूस उंच, आवाज नदीवर पोसलेला, खोलीत बोलले तरी काचा थरथरायच्या. पेटी सरांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "साब, ये डब्बा गूँगा है. जब काम का टेम आता है, तभी चुप हो जाता है."

सरांनी त्यांना बसवलं, चहा मागवला. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना माझा चहा तसाच राहिला.

नर्मदेच्या पात्रात उन्हाळ्यात वाळूचा मोठा पट्टा उघडा पडतो. त्यावर लोक खरबूज-टरबुजाच्या वाड्या लावतात. सकाळी होडीने जायचं, दिवसभर वेलींना पाणी घालायचं, संध्याकाळी होडीने परत. वरच्या धरणातून पाणी सोडलं की हा पट्टा बुडतो. सोडण्याआधी सूचना येते, काठावर भोंगा वाजतो, पण वारा उलटा असला की भोंग्याचा आवाज पट्ट्यापर्यंत पोचत नाही. मोबाईल पात्रात कधी लागतो, कधी नाही, आणि लागला तरी मोटरच्या आवाजात घंटी कोणाला ऐकू येणार? म्हणून आमची पेटी. घाटावरच्या खोलीत एक, प्रत्येक होडीत एक. घाटावरच्या माणसाने बटण दाबून बोललं की होडीतला भोंगा आपोआप बोलू लागतो, हात लावायची गरज नाही.

"पिछले साल," गेंदालाल म्हणाले, "मेरा छोटा भाई बलराम सवारी लेके टापू पे था. पानी छूटा. घाट से बोलते रहे, बोलते रहे, डब्बे में से खाली टक, टक. वो तो एक डोकरी ने देखा कि चप्पल बह रही है." थोडं थांबून म्हणाले, "सब बच गए. पर साब, चप्पल के भरोसे कब तक?"

दोष पेटीचा नव्हता. ती नियमाने वागत होती, आणि नियम असा. आवाज रेडिओवरून सलग जात नाही. त्याचे बारीक तुकडे करून, एकेक तुकडा एकेका पॅकेटमध्ये घालून पाठवतात. पाठवणारा पॅकेटमधल्या सगळ्या आकड्यांची बेरीज करून ती वर लिहितो. घेणारा पुन्हा बेरीज करून पाहतो. जुळली तर ठेवायचं, नाही जुळली तर वाटेत काहीतरी बिघडलं असं समजून अख्खं पॅकेट फेकून द्यायचं. हिशेबासाठी, चित्रासाठी हे चांगलंच. पण नदीवर वारा, ओलावा, मोटरच्या ठिणग्या. प्रत्येक पॅकेटला कुठे ना कुठे टवका उडायचा आणि आमची इमानदार पेटी एकेक करून सगळी फेकून द्यायची. मग उरायचं ते टक, टक.

त्या संध्याकाळी धारला आले तर हे दुकानात डोक्याला हात लावून बसलेले. ह्यांचा बाग गावच्या छपाईच्या कापडाचा धंदा. एका व्यापाऱ्याने कापडाचा अख्खा तागा परत पाठवला होता.

"बघ ना, एक टिपका आहे. एक! मधल्या भागात, कुठे दिसणारसुद्धा नाही. आणि भियाने पूर्ण थान वापस केलं," हे म्हणाले.

"मग तुम्ही काय सांगायचं होतं त्याला?"

"हेच की बाबा रे, काठ बघ, पदर बघ. तिथे डाग असला तर खुशाल परत कर. मधल्याचं काय? घालणारी घालेल."

मी तशीच उभी राहिले. आमच्या धंद्यात नेमकी अशी सोय होती, फक्त आमच्या पेटीत ती नव्हती. यूडीपी नावाच्या साध्या प्रोटोकॉलचा, म्हणजे पॅकेटं पाठवायच्या पद्धतीचा, एक धाकटा, हलका भाऊ आहे. त्यात पाठवणारा सांगू शकतो, की पॅकेटच्या सुरुवातीचा एवढाच भाग तपास, त्यापुढे काही बिघडलं असेल तर असू दे, पुढे पाठव. आवाजाला हे चालतं. कान फाटका शब्दसुद्धा शिवून घेतो. जो शब्द पोचलाच नाही तो मात्र शिवता येत नाही.

सरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. "करा मग!"

करा म्हणणं सोपं. आमच्या पेटीतली ऑपरेटिंग सिस्टिम सरांनी फार वर्षांपूर्वी काटछाट करून बेतलेली होती, त्यात हा धाकटा भाऊ नव्हता. तो आता मला घरात घ्यायचा होता, आणि तोही थोरल्याच्या खोलीतून वाट काढत. थोरल्याच्या कोडमध्ये ठिकठिकाणी 'लांबी' असा शब्द होता, म्हणजे पॅकेटची लांबी. धाकट्यात त्याच जागी 'कुठपर्यंत तपासायचं' हे लिहिलेलं असतं. दिसायला सारखे, अर्थ वेगळे. एका ठिकाणी जरी जुना अर्थ राहून गेला तरी पेटी आपल्या मेमरीच्या बाहेरचं काहीतरी वाचायला जाणार आणि मरणार. मी एकेक ओळ वाचायची, बदलायची, पाणी प्यायची आणि पुन्हा तीच ओळ वाचायची. धाकट्यामुळे थोरला बिघडला तर? कारखान्यांतल्या सगळ्या पेट्या त्याच्यावरच चालत होत्या. शिफ्टच्या बसमध्ये बायका गप्पा मारायच्या आणि मी खिडकीला डोकं टेकून मनात बेरजा करत बसायची.

शिवाय रेडिओची स्वतःचीही एक चाळणी होती. माझा प्रोटोकॉल म्हणणार, थोडं फाटकं चालेल. खालचा रेडिओ फाटकं वर येऊच देत नव्हता. तीही चाळणी सैल करावी लागली. दरवाजे एकामागून एक उघडताना मी प्रत्येकापाशी थांबे, कारण ते कोणीतरी कधीतरी विचार करूनच बंद केलेले होते.

शेवटी टेबलावर दोन पेट्या ठेवल्या, मध्ये मुद्दाम गोंगाट करणारं यंत्र लावलं. जुन्या कोडवर टक, टक. नवीन कोड घातला. पलीकडच्या खोलीतून सर बोलले आणि माझ्या पेटीतून घरघरत, खरवडत, पण सगळं कळेल असं ऐकू आलं, "दिघेबाई, जेवायला चला." मी रडले. सर पलीकडून आले आणि आपले डोळे मला दिसू नयेत म्हणून चष्मा पुसत राहिले.

सरांनी गेंदालालना फोन केला. ते खूश झाले आणि लगेच म्हणाले, "तो बैनजी कब आ रही हैं?"

"कोणी तरी येईल पेट्या लावायला," सर म्हणाले.

"कोई नहीं, साब. जिसने बनाया, वो."

तेव्हा आम्हाला त्यांच्या घाटाची रीत कळली. तिथे होडी नवी ठोकली, किंवा जुनीची फळी बदलली, की पहिल्या फेरीला सवारी बसवत नाहीत. जो सुतार ठोकतो तो आधी बसतो. तो पार जाऊन कोरडा परत आला की मग नारळ फुटतो आणि लोक चढतात. सुताराने नाही म्हटलं तर होडी खुंट्याला तशीच राहते. गेंदालालच्या हिशेबी पेटी म्हणजे होडीची फळीच होती. "जो ठोके, वो पहले बैठे," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

मी सरांना विनवलं. ह्यांनाही सांगितलं. वाटलं, हे तरी म्हणतील की नको जाऊस. तर हे म्हणाले, "रीत चांगली आहे गं. आमच्या छपाईवाल्याला पहिलं थान स्वतः घालायला लावलं असतं तर किती बरं झालं असतं!"

धरमपुरीला पोचलो ती उन्हाळ्याची सकाळ. घाटाच्या पायऱ्या, देवळातली घंटा, पायऱ्यांवर कपडे आपटणाऱ्या बायका, सगळं निवांत. मी मात्र एकेक पायरी बघून उतरले. तिन्ही होड्यांत पेट्या बसवल्या. घाटावरच्या खोलीत सर बसले. त्यांच्या समोरच्या पेटीला तीन बटणं, एक, दोन, तीन. ज्या होडीशी बोलायचं तिचं बटण दाबायचं. होडीतली पेटी मात्र फक्त घाटाशी बोलू शकते, होडी-होडीचं आपसात बोलणं नाही.

या आकड्यांबद्दल इथेच सांगायला हवं. अगदी पहिली पेटी बनली तेव्हा एका वेळी दोनच टोकं असायची, आकड्याची गरज नव्हती. पुढे गिऱ्हाईकं वाढली तेव्हा सरांनी पॅकेटमध्ये 'कोणासाठी' हा आकडा जोडला, आणि जोडला तो पार शेवटी, आवाजाच्याही मागे. आमच्या धंद्यात हेच शहाणपण समजतात. नवं काही घालायचं तर शेपटीला घालावं, मध्ये घुसडू नये. म्हणजे जुन्या पेट्या गोंधळत नाहीत. मीही नवीन आलेल्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवत असे.

पहिली फेरी तीन नंबरची ठरली, गेंदालाल आणि मी. पण दोन नंबरला वाडीवाल्यांची सकाळची गर्दी झाली होती आणि वेलींना पाणी द्यायची वेळ टळत होती. त्या होडीला फळी नवी नव्हती, पेटीच तेवढी नवी, म्हणून घाटावर थोडी बाचाबाची होऊन शेवटी बलराम म्हणाला, "भैया, तुम बैठ गए न बैनजी को लेके? बस, हो गई पेली फेरी. मैं निकलता हूँ." आणि आमच्या मागोमाग त्याने होडी सोडलीच. बायका, दोन-तीन म्हातारे, खताची पोती. गेंदालालना ते आवडलं नाही, पण भाऊ होता.

मी फळीला दोन्ही हातांनी धरून बसले होते. पाणी हिरवं, जाड, आणि माझ्या कोपरापासून वीतभर खाली. माझ्यामुळे मोटर हळू चालवत गेंदालाल मला धीर देत होते, आणि बलरामची होडी आम्हाला मागे टाकून पुढे गेली. "बैनजी, नीचे मत देखो, सामने देखो." समोर तरी काय, पाणीच. वारा सुटला होता. मधून मधून सरांचा आवाज येई. "तीन नंबर, ऐकू येतंय?" फाटका, पण येत होता. एकदा तर मला चक्क बरं वाटलं.

पात्राच्या मध्यावर गेलो आणि भोंगा खरखरला. सरांचाच आवाज, पण वेगळा, घाईचा. "सवारी मत उतारना. पानी छूटा है. फौरन वापस आओ."

गेंदालालनी पेटीचं बटण दाबून सांगितलं, "आ रहे हैं, आ रहे हैं," आणि होडी वळवायला घेतली. माझा जीव भांड्यात पडायचा राहिला, पण निदान काठाकडे तोंड झालं होतं. वळवता वळवता ते हसले. "साब भी घबरा गए. बोल रहे, सवारी मत उतारना! अपने पास सवारी कहाँ है? एक बैनजी हैं, उनको बीच नदी में कौन उतारेगा?"

मीही हसले असते. पण हसू ओठापर्यंत येण्याआधी तेच वाक्य पुन्हा मनात वाजलं. आपल्याकडे सवारी नाही. मग हे कोणाला सांगितलं? सवारी दोन नंबरकडे होती. सरांनी दोन नंबरचं बटण दाबलं होतं, आणि ते आमच्याकडे वाजलं होतं.

मला तिथेच, त्या फळीवर, सगळं दिसलं. मी ठरवलं होतं की पॅकेटचा पुढचा भाग तपासायचा आणि मागचा आवाज फाटका असला तरी चालवून घ्यायचा. आणि 'कोणासाठी' हा आकडा आवाजाच्या मागे, शेपटीला होता. पूर्वी अख्खं पॅकेट तपासलं जायचं तेव्हा शेपटी सुरक्षित होती. आता तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. बटण दाबल्यावर जे पहिलं पॅकेट येतं त्यावरचा आकडा पाहून पेटी ठरवते की हे बोलणं आपलं का, आणि मग पुढचं सगळं वाजवते. त्या पहिल्या पॅकेटच्या शेपटीला वाऱ्याने टवका मारला होता आणि दोनाचा तीन झाला होता. कॉम्प्युटरच्या लिपीत दोन आणि तीन यांत एका ठिपक्याचा फरक असतो.

"बलरामने सुना नहीं," मी ओरडले. "वो हमारे लिए नहीं था! बलराम के लिए था!"

गेंदालालनी एक शब्द विचारला नाही. त्यांनी मान वळवून पाहिलं. दोन नंबर वाळूला लागली होती. बायका पदर खोचून उतरत होत्या, बलराम पोतं खांद्यावर घेऊन वाडीकडे चालला होता. होडीत कोणीच नव्हतं, पेटी एकटी. घाटावर सरांनी गेंदालालचं "आ रहे हैं" ऐकलं असणार, आणि फाटक्या आवाजात भावाभावांतला फरक त्यांना कुठून कळणार? त्यांच्या लेखी बलराम निघाला होता.

गेंदालालनी हाताची ओंजळ तोंडाशी धरून हाक मारली. ती हाक मी विसरणार नाही. पण वारा आमच्या तोंडावर येत होता आणि हाक मागे, घाटाकडे उडून गेली.

मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बैनजी, तुमको पहले घाट पे छोड़ूँगा तो देर हो जाएगी."

मला म्हणायचं होतं, सोडा. खरंच म्हणायचं होतं. तोंडातून शब्द फुटला नाही, आणि त्यांनी तोच होकार समजून होडी वाळूच्या पट्ट्याकडे वळवली. लोक पुढे मला धीट म्हणाले. मी धीट नव्हते, माझी वाचा बसली होती.

मी पेटीचं बटण दाबून ओरडत राहिले, "सर, दोन नंबरने ऐकलं नाही, पुन्हा बोला." उत्तरात खरखर. पोचतंय की नाही, पोचलं तर कोणाला पोचतंय, मला काही कळत नव्हतं. माझ्याच हाताने बनवलेली वस्तू, आणि तिच्यावर माझा काडीचा भरवसा उरला नव्हता. एरवी काय व्हायचं, तर पेटी गप्प बसायची. गप्प पेटीवर माणूस विश्वास ठेवत नाही, उठून नदीकडे बघतो. आता ती बोलत होती, स्पष्ट बोलत होती, आणि भलत्यालाच सांगत होती.

वाळूला लागण्याआधीच गेंदालालनी उडी मारली. दोघे भाऊ, बायका, म्हातारे, सगळे पळत आले. आमची होडी रिकामी होती म्हणून निम्मे लोक आमच्यात चढले. पहिल्या फेरीला सवारी न बसवण्याच्या रीतीने केवढी जागा राखून ठेवली होती ते तेव्हा कळलं. एक म्हातारी माझ्या मांडीवरच बसली. तिच्या लुगड्याचं पाणी माझ्या पायांवर झिरपत होतं आणि ती मला विचारत होती, "तू कुणकी छोरी है, बाई? रो क्यों री?" मागे वळून पाहिलं तेव्हा वाळूच्या कडेची वेलींची ओळ पाण्यात डुलत होती. आम्ही घाटाला लागलो तोवर पट्टा दिसेनासा झाला. पोती गेली, वाड्या गेल्या. माणसं सगळी आली.

सर पायऱ्यांच्या शेवटच्या पायरीवर बूट घालून पाण्यात उभे होते. मी त्यांना शेपटीचं सांगितलं. त्यांना एका वाक्यात समजलं, कारण तो आकडा त्यांनीच तिथे ठेवला होता. त्यांनी ओले बूट काढून पायरीवर ठेवले. मग म्हणाले, "बाई, माझंही बरोबर होतं, तुमचंही बरोबर होतं."

"हो सर."

"मग माणसं बुडत कशी होती?"

 वेगवेगळ्या काळात दोन शहाण्या माणसांनी दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या आणि त्या एकमेकींना भेटल्या, एवढंच म्हणता येतं.

दुरुस्ती अगदी थोडी होती. आकडा उचलून पुढे आणायचा, तपासणीच्या हद्दीत. मग शेपटीला आवाजाशिवाय काही उरत नाही. मी कोडमध्ये ठळक टीप लिहिली, की यापुढे नवं काही जोडाल ते पुढे जोडा, शेवटी नाही, कारण शेवटाकडे इथे कोणी बघत नाही. कारखान्यांतल्या पेट्यांना जुनाच नियम लागू होता, नव्या मुलांना मी तोच शिकवत राहिले. मला वाटलं गेंदालाल आता आम्हाला घाटावर उभं करणार नाहीत. त्यांचा फोन आला, "फळी बदली न? तो आओ, बैठो." होड्या खुंट्याला बांधून ठेवल्या होत्या. या खेपेला बलरामनेही सोडली नाही.

गेले. काय करणार? पुन्हा तीच फळी, तेच हिरवं पाणी. पात्राच्या मध्यावर भोंगा बोलला, "ऐकू येतंय का?" गेंदालालनी हो म्हटलं नाही. बटण दाबून त्यांनी विचारलं, "किसके लिए?"

सरांनी बटण पुन्हा दाबलं. मग म्हणाले, "तीन नंबर. गेंदालाल."

"हओ. आ रहा है आवाज़."

तेव्हापासून त्या घाटावर ती रीतच पडली. काहीही सूचना आली की होडीवाला आधी विचारतो, किसके लिए, आणि नाव ऐकल्यावरच हलतो. सरांना ते लागलं. पेटीला आता बरोबर माहीत असतं कोणासाठी ते, मग पुन्हा का विचारायचं? मी म्हटलं, विचारू द्या सर. मनातून मलाही लागलं होतं. आयुष्यात एकच वस्तू मी गाभ्यापासून बनवली, हजारदा तपासली, आणि ज्यांच्यासाठी बनवली ते तिचं बोलणं उलटून विचारल्याशिवाय मानत नाहीत. अभिमान आणि खंत एकाच ताटात वाढल्यासारखं झालं, एक उचलावं तर दुसरं हाताला लागतं.

आता मी निवृत्त आहे. दुकानात ह्यांच्या शेजारी बसते आणि थानांचे डाग शोधते. सरांची तब्येत बरी नसते, कंपनी मुलं चालवतात. मुलं म्हणजे पूर्वा नावाची एक इंजिनिअर आहे, हुशार, नम्र, मराठी बोलते पण वाचायला दिलं की हसून हिंदीत उत्तर देते. मी लिहिलेला गाभा आता तिच्या हाती आहे. दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला मात्र गेंदालालचा फोन मलाच येतो. पेटीत काही बदललं असेल तर पहिली फेरी मी करायची. मी कितीदा सांगितलं की आता ठोकणारी मी नाही. त्यांना ते पटत नाही. त्यामुळे दुसऱ्याने काय ठोकलं हे न बघता मी त्या फळीवर बसते, आणि पूर्वीपेक्षा जास्त घाबरते. पूर्वी निदान कोड वाचता यायचा.

यंदाही फोन आला. पलीकडच्या घाटालाही आता आमच्याच पेट्या लागल्यात, म्हणून सगळ्या पेट्यांत काही नवीन घातलंय म्हणे. हे म्हणाले, "अगं, तू आता नोकरीत आहेस का? राहू दे या साली." मी पिशवी भरत होते. निघण्याआधी सहज पूर्वाला फोन लावला.

"क्या नया डाला है गं?"

"कुछ नहीं मॅडम, छोटंसं आहे. दो घाट हो गए ना, तर कोणत्या घाटासाठी आहे त्याचा एक नंबर जोडला. पुराने डब्बों को कुछ नहीं होगा, टेस्ट केलंय मी."

"कुठे जोडलास?"

"आपने ही तो सिखाया था, मॅडम," ती कौतुकाने म्हणाली. "एकदम शेवटी."

"आणि टीप? मी टीप लिहिली होती."

"वो मराठी वाली? वो तो मैंने पढ़ी ही नहीं."

गेंदालालचा नंबर ह्यांनी आपल्या फोनवरून लावून दिला. पलीकडे मोटरचा आवाज येत होता, माणसांची गडबड येत होती. मी ओरडले, "खोलना मत! नाव मत खोलना!"

मोटर थांबली. मग तो काचा हलवणारा आवाज आला, शांत, सवयीचा.

"किसके लिए, बैनजी?"

"सबके लिए," मी म्हटलं. "सगळ्यांसाठी."